शंभर मीटरची वेळ: कशी मोजायची, कशाशी ताडायची?

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की आपल्या वस्त्यांमधली पहाट बदलते. विहारामागचं मैदान, शाळेचं पटांगण, नाही तर सर्व्हिस रोडची कडा, जिथे जागा मिळेल तिथे मुलं-मुली धावताना दिसतात. एकाच्या हातात मोबाईल, दुसऱ्याच्या तोंडात शिटी. धाव संपली की सगळे मोबाईलभोवती गोळा होतात आणि एकच प्रश्न असतो, "किती आली?"

पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणीला ५० गुण आहेत. लांब धाव मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर, तिला २० गुण. गोळाफेकीला १५ आणि १०० मीटरला १५. वेळेचे टप्पे ठरलेले असतात. तुमची वेळ ज्या टप्प्यात बसेल तेवढे गुण. टप्पा सेकंदाच्या थोड्याशा भागाने हुकला तरी गुण खालचेच मिळतात. म्हणून या वेळेला घरातले सगळेच जपतात. आईसुद्धा शेजारणीला सांगते, "आमच्या पोराची साडेबाराची वेळ आहे."

पण ही साडेबारा कुठे मोजली, कुणी मोजली, कशी मोजली, हे कुणी विचारत नाही. आम्ही नर्सिंग शिकलो तेव्हा पहिल्या वर्षीच एक सवय अंगी बाणवली गेली. ताप लिहिताना थर्मामीटर काखेत लावला होता की तोंडात, तेही लिहायचं. कारण एकाच माणसाचा काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा कमी येतो. रक्तदाब बसून घेतला की झोपून, हेही लिहायचं. मोजण्याची रीत माहीत नसेल तर आकडा डॉक्टरच्या उपयोगाचा नसतो. धावण्याच्या वेळेचंही अगदी तसंच आहे.

चुकीच्या आकड्याने दोन प्रकारे नुकसान होतं. वेळ खऱ्यापेक्षा चांगली दिसली तर मूल गाफील राहतं आणि ग्राउंडच्या दिवशी गुण जातात. दुसऱ्या मैदानावरच्या मित्राची वेळ आपल्यापेक्षा चांगली ऐकली तर मूल खचतं, अंगाला सोसवत नाही इतकं पळतं, नाही तर कुणीतरी सांगितलेल्या इंजेक्शनच्या मागे लागतं. हे दुसरं नुकसान आरोग्याचं आहे, म्हणून हा विषय या पानावर घेतला आहे.

आधी अंतर तपासा

पावलं टाकून मोजलेले शंभर मीटर बहुतेक वेळा शंभर नसतात. मोठी टांग टाकली तरी ती मीटरभर भरतेच असं नाही. एका पावलामागे दहा सेंटीमीटर कमी पडले तर शंभर पावलांत दहा मीटर कमी. तेवढं अंतर धावायला सव्वा-दीड सेकंद लागतो. म्हणजे एखाद्याची वेळ नुसत्या पावलांमुळे दीड सेकंदाने 'सुधारलेली' असू शकते.

काही जुन्या मैदानांवर यार्डाच्या खुणा असतात. शंभर यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. तिथली वेळ शंभर मीटरची म्हणून सांगितली तर एका सेकंदाहून जास्त फरक पडतो.

उपाय सोपा आहे. गवंडीकाम करणाऱ्या कुणाकडूनही ३० मीटरचा टेप मागून आणा. तीनदा पूर्ण टेप आणि वर दहा मीटर, असं सरळ रेषेत मोजा आणि दोन्ही टोकांना कायमची खूण करा. चुना पावसात जातो, म्हणून खुंटी ठोका. त्याच टेपने २०, ४०, ६० आणि ८० मीटरवरही खुणा करून ठेवा. त्या पुढे कामाला येतील.

उतारही पाहा. विक्रम मोजण्याच्या नियमांत धावण्याच्या दिशेने हजारात एक एवढाच उतार चालतो, म्हणजे शंभर मीटरमध्ये फक्त दहा सेंटीमीटर. आपल्या रस्त्यांचा उतार पावसाचं पाणी कुठे वाहतं त्यावरून कळतो. सपाट जागा नसेल तर एकदा या बाजूने आणि पुरती विश्रांती घेऊन एकदा त्या बाजूने धावा, आणि दोन्हींची सरासरी धरा.

घड्याळ कुणाच्या हातात?

मोठ्या स्पर्धांत घड्याळ बंदुकीच्या आवाजाबरोबर आपोआप सुरू होतं आणि शेवटच्या रेषेवर कॅमेरा वेळ टिपतो. ही झाली विजेवरची वेळ. हातातल्या घड्याळाची वेळ हिच्यापेक्षा कमी येते, म्हणजे धावणारा आहे त्यापेक्षा वेगवान दिसतो. सुरुवातीची खूण पाहून बोट दाबेपर्यंत माणसाला साधारण दोन दशांश सेकंद लागतात. शेवटी मात्र धावणारा येताना दिसतच असतो, म्हणून बोट वेळेवर पडतं. सुरुवातीला गेलेला वेळ तसाच गायब होतो.

म्हणून खेळाच्या तक्त्यांमध्ये शंभर आणि दोनशे मीटरची हातघड्याळाची वेळ विजेवरच्या वेळेशी ताडायची असेल तर तिच्यात ०.२४ सेकंद मिळवतात. चारशे मीटरला ०.१४ मिळवतात. हातघड्याळावर १३.२ आली तर ती विजेवरच्या १३.४४ च्या आसपास समजायची.

आपल्याकडे आणखी एक घोटाळा होतो. शिटी वाजते एका टोकाला आणि मोबाईल धरणारा उभा असतो शंभर मीटर लांब दुसऱ्या टोकाला. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे शिटी त्याच्या कानापर्यंत पोचायलाच जवळजवळ ०.३ सेकंद लागतात. त्यावर बोट दाबायचा उशीर. दोन्ही मिळून अर्धा सेकंद गेला. मोबाईलवर १३.० दिसले तर खरी वेळ साडेतेराच्या घरात असू शकते. सरावात वरच्या टप्प्यात असलेला मुलगा भरतीच्या मैदानावर खालच्या टप्प्यात कसा येतो, याचं एक कारण हे आहे. पोराचं काही चुकलेलं नसतं. सराव करताना घड्याळच उशिरा सुरू होत होतं.

हे टाळायचं असेल तर:

१. शिटीबरोबर लाल किंवा पिवळा रुमाल वरून खाली आणा. वेळ घेणाऱ्याने शिटी ऐकून बटण दाबू नये, रुमाल हलताना पाहून दाबावं.

२. धावणाऱ्याचा पाय उचलताना पाहून घड्याळ सुरू करू नका. भरतीत खूण झाल्यापासून वेळ मोजतात. ती कळून निघायला लागणारा वेळही धावण्यातच धरला जातो.

३. डोकं, हात किंवा पाय रेषेवर आला म्हणून घड्याळ थांबवू नका. नियमाप्रमाणे धड रेषेला पोचलं की धाव संपते. वेळ घेणारा रेषेच्या बरोबर बाजूला उभा हवा. समोर उभं राहून हे दिसत नाही.

४. शक्य असेल तर तिघांनी वेळ घ्या. दोघांची सारखी आली तर ती धरा. तिन्ही वेगळ्या आल्या तर मधली धरा. दोनच घड्याळं असतील आणि फरक पडला तर जास्तीची धरा. पंचांचा नियमही हाच आहे.

५. हातघड्याळाची वेळ दशांशापर्यंतच लिहा, आणि वरच्या दशांशाला न्या. १३.४१ आली तर १३.५ लिहा. बोटाने मोजलेल्या वेळेत शंभराव्या भागाला अर्थ नाही.

साधा मोबाईलसुद्धा याहून चांगलं काम करतो. शेवटच्या रेषेवर उभं राहून व्हिडिओ सुरू करा. आधी रुमाल खाली येताना टिपा, मग मोबाईल फिरवून रेषा टिपा. नंतर व्हिडिओ हळू चालवून दोन्हींमधलं अंतर मोजा. मोबाईल बहुधा सेकंदाला तीस चित्रं घेतो, त्यामुळे बोटापेक्षा ही वेळ जास्त भरवशाची असते.

वारा, जमीन आणि दोन थोर धावपटू

पाठीमागून वारा असेल तर वेळ चांगली येते. म्हणून सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त वारा पाठीशी असेल तर ती वेळ विक्रम म्हणून धरत नाहीत. एवढ्या वाऱ्याने शंभर मीटरमध्ये साधारण एक दशांश सेकंद वाचतो.

विल्मा रुडॉल्फचं उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात १९४० साली ती जन्मली. लहानपणी पोलिओ झाला आणि डावा पाय अधू झाला. आई तिला उपचारासाठी बसने दूर नॅशव्हिलला नेत असे आणि घरची माणसं आळीपाळीने तिचा पाय चोळत. पायाला आधाराची पट्टी बांधून चालणारी ती मुलगी १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये तीन सुवर्णपदकं घेऊन आली. शंभर मीटरच्या अंतिम फेरीत तिची वेळ ११.० होती. पण वारा मर्यादेपेक्षा जास्त होता, म्हणून तो विश्वविक्रम धरला गेला नाही. सुवर्णपदक मात्र तिचंच राहिलं, कारण त्या वाऱ्यात त्या सगळ्याच जणी धावल्या होत्या.

यात एक मोठा धडा आहे. एकाच दिवशी, एकाच मैदानावर, एकाच खुणेला निघालेल्यांची तुलना खरी. वेगळ्या गावात, वेगळ्या दिवशी, वेगळ्या घड्याळावर घेतलेल्या वेळांची तुलना करायची तर आधी दहा प्रश्न विचारा.

जमिनीचंही तेच. १९३६ साली हिटलरच्या जर्मनीत, बर्लिनच्या मैदानावर जेसी ओवेन्स या कृष्णवर्णीय धावपटूने शंभर मीटर १०.३ सेकंदांत जिंकले. त्याच बर्लिनच्या मैदानावर १६ ऑगस्ट २००९ रोजी जमैकाच्या उसेन बोल्टने ९.५८ चा विश्वविक्रम केला. दोन वेळांत पाऊण सेकंदाच्या आसपास फरक दिसतो. पण ओवेन्स कोळशाच्या राखेच्या धावपट्टीवर धावला. पाय रोवायला त्याने लहान थापीने जमिनीत खळगे खणले. त्याची वेळ हातघड्याळाची होती. बोल्टला रबरी धावपट्टी, पाय टेकायला ठोकळे आणि विजेचं घड्याळ मिळालं. म्हणून नुसते आकडे शेजारी ठेवून ओवेन्सला हळू म्हणता येत नाही. तसंच मुरुमावर साध्या बुटात धावणाऱ्या आपल्या मुलीची वेळ अकादमीच्या धावपट्टीवर खिळ्यांच्या बुटात धावणाऱ्या मुलीच्या वेळेशेजारी ठेवून तिला हळू म्हणू नका.

साठ मीटरवरून शंभरचा अंदाज

जागा नसली की मुलं पन्नास-साठ मीटरच धावतात आणि त्रैराशिकाने शंभरची वेळ काढतात. हे गणित चुकतं. बोल्टच्या त्याच धावेचे तुकडे पाहा. पहिल्या २० मीटरला २.८९ सेकंद. पुढच्या वीसला १.७५, त्यापुढे १.६७, मग १.६१ आणि शेवटच्या वीसला १.६६. जागेवरून उठून वेग घ्यायलाच सगळ्यात जास्त वेळ लागला. त्याचे ६० मीटर ६.३१ सेकंदांत झाले. त्रैराशिक मांडलं तर शंभरला १०.५२ येतात. प्रत्यक्षात तो ९.५८ मध्ये पोचला.

उलट बाजूनेही गणित फसतं. बोल्टचे २०० मीटर १९.१९ सेकंदांत झाले. त्याचं अर्धं केलं तर जवळजवळ ९.६ येतात, म्हणजे शंभरच्या वेळेइतकेच. कारण दुसऱ्या शंभरात जागेवरून उठावं लागत नाही. पण ४०० मीटरचा विश्वविक्रम ४३.०३ आहे. त्याचे चार भाग केले तर पावणेअकराच्या आसपास येतात, कारण तोवर अंग थकलेलं असतं.

तेव्हा साठ मीटर साठशीच ताडा, शंभर शंभरशीच. धावत येऊन रेषा ओलांडली आणि मग घड्याळ सुरू केलं, तर ती वेळ जागेवरून निघालेल्या वेळेशी ताडू नका.

मात्र तुकड्यांची वेळ एका कामाला फार उपयोगी आहे. वीस-वीस मीटरच्या खुणांवर व्हिडिओतून वेळ काढा. पहिल्या वीसला वेळ जात असेल तर निघण्याचा सराव कमी पडतोय. शेवटच्या वीसला वेग फार पडत असेल तर ताकद आणि दम वाढवायचा आहे. बोल्टचासुद्धा शेवटी वेग थोडा पडला, म्हणून शेवटी मंद झालो याची लाज नको. नेमकं कुठे कमी पडतो हे कळलं की सराव कशाचा करायचा तेही कळतं.

भाऊ आणि बहीण

"दादाची तेरा येते, तुझी साडेचौदा का?" हा प्रश्न घरात विचारला जातो. पुरुषांचा विश्वविक्रम ९.५८, महिलांचा १०.४९. आपल्या देशात अनिमेष कुजूरने २०२५ साली १०.१८ वेळ दिली. द्युती चंदने २०२१ साली ११.१७ दिली. दोन्हीकडे फरक साधारण दहा टक्क्यांचा येतो. वयात आल्यावर मुलग्यांच्या अंगात स्नायू जास्त वाढतात, त्याचा हा फरक आहे. दादाची १३.० असेल तर बहिणीची १४.३ ही त्याच तोडीची वेळ झाली. भरतीतही मुलींचे टप्पे म्हणूनच वेगळे असतात. मुलीची वेळ मुलींच्या तक्त्याशी आणि तिच्या स्वतःच्या मागच्या महिन्याच्या वेळेशी ताडा.

वही ठेवा

प्रत्येक मुलामुलीने शंभर पानी वही करावी. रकाने असे: तारीख, सकाळ की संध्याकाळ, मैदान, वारा पाठीशी की समोर, बूट, वेळ कशी घेतली, वेळ किती आली. मुलींनी पाळीचे दिवस आणि सगळ्यांनी रात्रीची झोपही लिहावी.

रोज पूर्ण जोर लावून वेळ काढू नका. आठ-दहा दिवसांतून एकदा, अंग चांगलं गरम करून, दोन किंवा तीन धावा. दोन धावांमध्ये सात-आठ मिनिटं विश्रांती. त्यातली मधली वेळ वहीत धरा. एकदाच आलेली सगळ्यात चांगली वेळ ही कदाचित बोट चुकल्याने आलेली असते.

हातघड्याळावर एक-दोन दशांश इकडे-तिकडे झालं तर ते बोटाचं समजा. एका आठवड्यात १३.४ आणि पुढच्या आठवड्यात १३.५ आली म्हणून मुलगा उतरला असं होत नाही. पाच-सहा नोंदी ओळीने पाहिल्या तरच चढ-उतार दिसतो.

वेळ खरोखरच वाढत चालली तर

मोजमाप नीट असूनही तीन-चार नोंदी सलग वाईट येत असतील तर आधी झोप, जेवण आणि विश्रांती पाहा. रात्रपाळी करून पहाटे धावणाऱ्या मुलाला जास्त सरावाची गरज नसते, झोपेची असते.

मग रक्त तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय आढळला. मुलींचं हिमोग्लोबिन १२ च्या आणि मुलांचं १३ च्या खाली नको. शंभर मीटरची एक धाव काही सेकंदांची असते, म्हणून पहिल्या धावेत रक्ताची कमतरता कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या धावेला आणि ८०० मीटरला ती बरोबर दिसते. लोहाची गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते. ती चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या.

विदर्भातल्या आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांमध्ये सिकलसेल जास्त आढळतो. सराव सुरू करण्याआधी प्रत्येकाने ही तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती होते. ज्याला आजार आहे त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा सराव करू नये. जो फक्त वाहक आहे तो धावू शकतो. पण त्याने सराव हळूहळू वाढवावा, पाणी भरपूर प्यावं, आणि उन्हात विश्रांती न घेता एकामागून एक जोराच्या धावा मारू नयेत. तसं केल्याने जिवावर बेतू शकतं. पाय एकाएकी गळाले, दम लागला, अंग दुखायला लागलं तर तिथेच थांबा. "अजून एक मार" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. सावलीत न्या आणि लगेच दवाखाना गाठा. धावताना छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असणं, अशा वेळीही आधी डॉक्टर, मग मैदान.

धावताना मांडीच्या मागे टक्कन झालं आणि पाय टेकवेना, तर स्नायू फाटलेला असू शकतो. पहिले दोन दिवस गरम तेलाची मालिश आणि शेक नको. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीन-चारदा लावा. क्रेप पट्टी बांधा, पाय उंच ठेवा. दुखत असताना वेदनेचं इंजेक्शन घेऊन धावलं तर जखम वाढते आणि भरतीच हातची जाते.

आणि 'टायमिंग कमी करणारं' म्हणून जिममध्ये किंवा मैदानाबाहेर जे इंजेक्शन विकतात, ते घेऊ नका. त्यात बहुधा स्टेरॉइड असतं. यकृत आणि हृदय बिघडतं, मुलींची पाळी बिघडते, आवाज घोगरा होतो. ज्या अर्ध्या सेकंदासाठी मूल ते टोचून घेतं, तो अर्धा सेकंद कित्येकदा फक्त शिटी आणि मोबाईलमधल्या अंतराचा असतो.

वस्तीने करायचं काम

येत्या रविवारी एवढं करा. मंडळातल्या दोघा-चौघांनी टेप आणून शंभर मीटर मोजून खुंट्या ठोकाव्यात. एक रुमाल, एक शिटी, तीन मोबाईल आणि वेळ घेणारे तिघे ठरवून घ्यावेत. महिला मंडळाने मुलींच्या सरावाच्या वेळी मैदानावर कुणीतरी थोरलं माणूस राहील असं पाहावं. आशाताईंना बोलावून सगळ्यांच्या हिमोग्लोबिन आणि सिकलसेलच्या तपासणीचा दिवस ठरवावा. ज्यांची भरती होऊन गेली आहे त्या दादा-ताईंनी भरतीच्या मैदानावर खूण कशी देतात, वेळ हाताने घेतात की चिपने, हे नव्या मुलांना सांगावं.

जाहिरातीतला गुणांचा तक्ता मोठ्या अक्षरांत लिहून विहाराच्या फलकावर लावा. शेजारी एक ओळ लिहा: मोबाईलवरच्या वेळेत पाव सेकंद मिळवून मगच तक्ता पाहा. मिळवूनही टप्पा गाठणारा मुलगा निश्चिंत मनाने जाईल. ज्याला थोडं कमी पडतंय त्याला ते आजच कळेल, आणि सुधारायला हातात महिने राहतील.